प्रति: पहिला काळा कॅप्टन

वर कुणीतरी लिहिलंय की ब्रिटनमध्ये काळ्या खेळाडूला राष्ट्रीय टीमचा कॅप्टन करायची सुरुवात फुटबॉलने केली, 1993 मध्ये पॉल इन्सपासून. इंग्लंडच्या फुटबॉल टीमपुरतं बरोबर आहे, पण रग्बी लीगवाल्यांनी (रग्बीचा 13-13 खेळाडूंचा प्रकार) हे 1972 मध्येच करून ठेवलं होतं. क्लाइव्ह सुलिव्हन, कार्डिफचा पोरगा. लहानपणी पायांची इतकी ऑपरेशन्स झाली की नीट चालता येईल की नाही हीच शंका होती आणि पुढे हाच माणूस विंगर, म्हणजे मैदानाच्या कडेने सुसाट पळणारा खेळाडू झाला! त्याच वर्षी त्याच्या कॅप्टनशिपखाली ग्रेट ब्रिटनने वर्ल्ड कप जिंकला, फ्रान्समधल्या लियोंची फायनल ऑस्ट्रेलियाशी 10-10 बरोबरीत सुटली, त्यात याने जवळजवळ अख्खं मैदान पळून ट्राय मारला (समोरच्यांच्या गोल-लाइनपलीकडे बॉल टेकवून पॉइंट्स मिळवले), आणि साखळीत वर असल्यामुळे कप ब्रिटनकडे आला.

पण मला जास्त भारी वाटतं ते इंग्लंडमधल्या हल शहरातलं प्रकरण. तिथे हल एफसी आणि हल केआर ही रग्बी लीगचीच हाडवैरी क्लब्ज, एकाचा फॅन दुसऱ्याचं नाव काढत नाही, आणि हा दोन्हीकडे मनसोक्त खेळला. 1980 ला वेम्बलीत केआरकडून हल एफसीलाच हरवून चॅलेंज कप (रग्बी लीगची मोठी नॉकआउट स्पर्धा) घेतला, आणि 1982 ची फायनल रिप्लेला गेली तेव्हा 39 व्या वर्षी हल एफसीकडून उतरून पुन्हा जिंकला. एवढं करून कुणी त्याला गद्दार म्हटलं नाही हे विशेष. 1985 मध्ये कॅन्सरने गेला, जेमतेम 42 चा होता. शहरात शिरणाऱ्या ए63 हायवेच्या एका भागाला आज त्याचंच नाव आहे.