मदत हवी आहे: आभाळ भरून आलं की पाऊस पडणार की नुसताच वारा सुटणार, हे आधी कसं ओळखायचं?

नमस्कार मंडळी,

आमचं बेदाण्याचं शेड कवठेमहांकाळ तालुक्यात, नागजजवळच्या माळावर आहे. द्राक्षं डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवून जाळ्यांवर पसरतो, वाळायला साधारण १५ दिवस लागतात. चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो, म्हणजे शेडवर चढेपर्यंत वर्षभराचा खर्च त्यात गेलेला असतो. आणि नेमका तेव्हाच वळीव येतो.

अडचण पावसाची आहेच, पण पडद्यांची जास्त आहे. वारा खेळता राहिला तरच माल चांगल्या रंगाचा निघतो. बाजूचे प्लॅस्टिकचे पडदे सोडून ठेवले की आत कोंदट होतं आणि माल काळपट पडतो. म्हणजे ढग दिसला की रोज पडदे सोडायचे हा उपाय नाही. न सोडावेत तर भिजतो.

मागच्या आठवड्यातले दोन दिवस सांगतो. मंगळवारी दुपारी ३९ अंश, आर्द्रता २१ टक्के. चार वाजता पूर्वेला एवढा मोठा ढग उभा राहिला की माथा ऐरणीसारखा पसरलेला. घाईनं सगळे पडदे सोडले. धुळीचं वादळ आलं, एका बाजूचा पाइप वाकला, टपोरे थेंब पडले आणि संपलं. पर्जन्यमापकात २ मिलिमीटर. पडदे मात्र रात्रभर तसेच राहिले आणि सकाळी खालच्या दोन जाळ्या तांबूस झालेल्या.

गुरुवारी ३६ अंश, आर्द्रता ४२ टक्के. ढग मंगळवारच्या निम्मासुद्धा वाटला नाही, म्हणून थांबलो. चाळीस मिनिटांत ३१ मिलिमीटर. पश्चिमेकडच्या तीन जाळ्या चिंब.

विंडी या हवामानाच्या ॲपवर 'केप' नावाचा आकडा बघतो, तो दोन्ही दिवस हजाराच्या आसपासच होता. मग फरक कशाचा? हवेतलं नक्की काय बघायचं, जाणकारांनी सांगावं. हातात साधारण दोन तास मिळाले तरी पुरे.

प्रतिसाद: हवापाणी

दादा, तुमच्या आकड्यांतच उत्तर आहे. केप म्हणजे हवा वर उसळली तर तिला किती जोर मिळेल याचा हिशेब. ढग किती उंच जाईल हे त्यावरून कळतं, जमिनीवर किती पाणी पोचेल हे नाही.

त्यासाठी दवबिंदू बघा, म्हणजे हवा किती अंशांपर्यंत गार झाली की तिच्यातल्या बाष्पाचं पाणी होऊ लागतं तो आकडा. मंगळवारच्या आकड्यांवरून दवबिंदू १३ अंशांच्या आसपास येतो, गुरुवारी २१. तापमान आणि दवबिंदू यांतल्या दर अंशाच्या फरकाला ढगाचा तळ सुमारे १२५ मीटर वर जातो. मंगळवारी फरक २६, म्हणजे तळ जमिनीपासून सव्वातीन किलोमीटरवर. तिथून निघालेला थेंब एवढ्या कोरड्या, तापलेल्या हवेतून येताना वाटेतच आटतो. आटताना तो हवा गार करतो, गार हवा जड होते आणि धाडकन खाली आदळते. तुमचा पाइप वाकवला तो या वाऱ्यानं. गुरुवारी फरक १५, तळ १९०० मीटरच्या खाली, त्यामुळे बरंचसं पाणी खाली पोचलं.

दुसरं, ७०० हेक्टोपास्कलच्या पातळीवरची आर्द्रता बघा, म्हणजे समुद्रसपाटीपासून तीन किलोमीटरच्या आसपासची. तिथं हवा कोरडी असेल तर ती ढगात घुसून त्याला पोखरते. तिथवर बाष्प असेल तर ढग दिसायला लहान असला तरी ओततो. उंचीवरून फसू नका.

तिसरं, ढग किती वेगानं सरकतोय. दहा किलोमीटर रुंदीचा ढग ताशी ४० च्या वेगानं गेला तर तुमच्यावर पाव तास राहील, ताशी १० नं गेला तर तासभर. वरचे वारे मंद आणि खाली बाष्प भरपूर असेल तो दिवस शेडवाल्यांना सगळ्यात वाईट.

गारांचं गणित वेगळं आहे. त्याला खालच्या-वरच्या वाऱ्यांतला मोठा फरक लागतो, त्यामुळे ढग लवकर मोडत नाही आणि गारा वरच्या वर वाढत राहतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट आपल्याकडे कोणी विसरलेलं नाही.

प्रतिसाद: शिवार

मी जतकडचा, आमचंही शेड आहे. वरच्या माहितीत एक भर. कुठल्याही ॲपवर 'तुमच्या गावात पाच वाजता पाऊस' असं दिसलं तर त्यावर विसंबू नका. हवामान खात्याचं जीएफएस हे अंदाज काढणारं संगणकी मॉडेल सुमारे १२ किलोमीटरच्या चौकटींवर चालतं, मे २०२५ पासून आलेली भारत फोरकास्ट सिस्टिम ६ किलोमीटरच्या. वळवाचा एक ढग कधी कधी त्याहून लहान असतो. 'आज वातावरण पोषक आहे' एवढंच सकाळी कळतं.

दुपारनंतर रडार, हवामान खात्याचा पुढच्या तीन तासांचा इशारा आणि दामिनी ॲप. दामिनीत २० आणि ४० किलोमीटरच्या परिघात वीज पडत असेल तर दिसते. आणि कळकळीनं सांगतो, विजा जवळ आल्यावर लोखंडी पाइपांशी झटत पडदे ओढायला माणसं वर चढवू नका. माल पुन्हा पिकेल.

जवळच्याच ढगातून गार वारा सुटला तर तेवढ्यावर 'झालं, ओसरलं' म्हणू नका. ती गार हवा पुढच्या गरम हवेखाली पाचरीसारखी शिरते आणि तिला उचलून शेजारी नवा ढग तयार करते. दुसरी सर बऱ्याचदा अशीच येते.

मूळ प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. आम्ही आजवर फक्त उष्णता आणि ढगाचा आकार बघत होतो.

एकच शंका, दवबिंदू शेडवरच मोजता येईल का? ॲपवरचा आकडा आमच्या माळाचा असेलच असं नाही.

प्रतिसाद: हवापाणी

येईल. दोन साधे थर्मामीटर सावलीत टांगा. एकाच्या टोकाला सुती चिंधी गुंडाळून तिचं दुसरं टोक पाण्याच्या वाटीत सोडा, वारा लागू द्या. तुमच्या मंगळवारसारख्या हवेत दोन्हींतला फरक १७ अंशांच्या आसपास येईल, गुरुवारसारख्या हवेत ११. फरक जितका कमी, तितकं हवेत बाष्प जास्त आणि दवबिंदू तापमानाच्या जवळ. दुपारी दोन वाजता फरक कालच्यापेक्षा चांगलाच कमी झालेला दिसला, तर रडारवर नजर ठेवून बसा.

मूळ प्रश्नकर्ता

आज टांगले. दोन वाजता कोरडा ३७, ओला २४. काल याच वेळी ॲपच्या आकड्यांवरून काढलेला फरक १६ होता, आज १३. रडारवर जतच्या बाजूला एक ठिपका आहे, हळू सरकतोय. पूर्वेचे पडदे मोकळे करून दोऱ्या हाताशी बांधून ठेवल्यात, अजून सोडले नाहीत. सव्वातीनला पुन्हा वाचन घेऊन इथेच टाकतो.