आयव्हरमेक्टिन दोनदा देऊनही उंदरांच्या लेंड्यांत कृमींची अंडी दिसतात, कुठे चुकतंय?

प्राणिगृह_देखरेख

औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयाचं प्राणिगृह. स्विस अल्बिनो उंदीर, दोन खोल्या मिळून १२० पिंजरे, पिंजऱ्यात सरासरी पाच. पिंजरे पॉलिप्रॉपिलीनचे, खाली भाताचं तूस, बदल दर सात दिवसांनी.

सुरुवातीला गुदद्वाराच्या सेलोटेप तपासणीत २० पैकी ११ उंदरांत अंडी दिसली. पिण्याच्या पाण्यातून आयव्हरमेक्टिन हे कृमिनाशक दिलं, सात दिवसांनी पुन्हा दिलं. एकविसाव्या दिवशी टेप तपासणीत वीसच्या वीस स्वच्छ. अडतिसाव्या दिवशी दुसऱ्या कामासाठी लेंड्यांचं मिठाच्या द्रावणात तरंगण परीक्षण केलं तर पुन्हा अंडी! त्याच दिवशी टेप मात्र स्वच्छ. एका प्रयोगानंतरच्या विच्छेदनात मोठ्या आतड्याच्या वरच्या भागात तीन-चार मिलिमीटरचे पांढरे कृमी मिळाले.

औषधाला प्रतिकार तयार झाला का? आणि टेप व तरंगण यांचे निकाल वेगळे का येतात? पुढच्या तिमाहीत दाहविरोधी औषधांचे प्रयोग ठरलेत, त्यामुळे वसाहत खरोखर स्वच्छ हवी आहे.

दहा_गुणिले_चाळीस

तुमच्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे: तुमच्याकडे सुरुवातीपासून दोन जातींचे कृमी होते. त्यातली एक गेली, दुसरी राहिली.

उंदरांत नेहमी आढळणारे पिनवर्म, म्हणजे आतड्यातले बारीक पांढरे कृमी, दोन. सायफेशिया ऑब्व्हेलाटा सीकममध्ये, म्हणजे लहान आणि मोठ्या आतड्याच्या सांध्यावरच्या पिशवीत, राहतो. त्याची मादी गुदद्वाराबाहेर येऊन आजूबाजूच्या कातडीवर अंडी चिकटवते, म्हणून ती टेपवर येतात. अ‍ॅस्पिक्युल्युरिस टेट्राप्टेरा मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागात राहतो आणि अंडी लेंड्यांबरोबर टाकतो. कातडीवर त्याचं काहीच नसतं, त्यामुळे त्याच्यासाठी टेप कितीही वेळा लावली तरी उत्तर 'नाही' असंच येणार. टेप स्वच्छ, तरंगणात अंडी आणि कृमी कोलनमध्ये (मोठ्या आतड्यात), हे तिन्ही एकत्र आलं की अ‍ॅस्पिक्युल्युरिसच समजा. तरी अंडं मोजून खात्री करा.

सायफेशियाचं अंडं एका बाजूने सपाट, केळ्यासारखं, साधारण १२० ते १५० मायक्रॉन लांब. अ‍ॅस्पिक्युल्युरिसचं अंडं दोन्ही बाजूंनी सारखं लंबगोल, साधारण ९० बाय ४० मायक्रॉन. एकदा दोन्ही शेजारी पाहिली की पुन्हा गल्लत होत नाही. कृमी हाती असेल तर काम आणखी सोपं. स्लाइडवर सलाइनच्या थेंबात ठेवून वरून काचपट्टी टाका. डोक्याच्या दोन्ही बाजूंना रुंद पापुद्र्यासारखे पंख दिसतात आणि अन्ननलिकेच्या फुगीर गाठीजवळ ते एकदम कापल्यासारखे संपतात. त्यामुळे डोकं बाणाच्या टोकासारखं दिसतं. हा अ‍ॅस्पिक्युल्युरिस. सायफेशियात असे पंख जवळजवळ नसतात, मादीची शेपटी लांब आणि टोकदार असते.

तरंगण करताना होणाऱ्या चुका सांगतो, कारण पुढचे सगळे निर्णय यावरच उभे आहेत. १०० मिली कोमट पाण्यात तळाशी थोडं मीठ शिल्लक राहीपर्यंत विरघळवा, ३६ ग्रॅमच्या आसपास लागतं. विशिष्ट गुरुत्व १.२० यायला हवं. एका पिंजऱ्यातल्या आठ-दहा ताज्या लेंड्या थोड्या पाण्यात अर्धा तास भिजवून कुस्करा, मग द्रावण घालून चहाच्या गाळणीने गाळा आणि परीक्षानळी तोंडाशी फुगवटा येईल इतकी भरा. वर काचपट्टी ठेवून १५ ते २० मिनिटं थांबा. तासभर विसरलात तर मिठाचे स्फटिक जमतात आणि अंडी आकसतात, मग मापं चुकतात. कोरड्या, जुन्या लेंड्या घेऊ नका. एकदा नकारार्थी आलं म्हणून थांबूही नका. अ‍ॅस्पिक्युल्युरिस रोज सारखी अंडी टाकत नाही, तीन वेगवेगळ्या दिवशीचे नमुने पाहा. खाद्यातल्या माइट्सची अंडीही मोठी आणि लंबगोल असतात. ती फसवतात.

टेप साधी पारदर्शकच वापरा. दुधाळ, न चमकणारी टेप सूक्ष्मदर्शकाखाली काही दाखवत नाही. आणि नमुन्याला चार ते आठ आठवड्यांचे उंदीर घ्या. वय वाढलं की कृमींची संख्या कमी होते, म्हणून जुन्या प्रजनन-माद्या तपासून वसाहत स्वच्छ ठरवणं धोक्याचं.

मात्रा_आणि_मुदत

प्रतिकाराचा संशय सध्या बाजूला ठेवा. आधी दिवस मोजा.

सायफेशियाची अंडी टाकल्यावर काही तासांतच संसर्गक्षम होतात आणि पूर्ण चक्र ११ ते १५ दिवसांत संपतं. अ‍ॅस्पिक्युल्युरिसची अंडी बाहेर पडल्यावर संसर्गक्षम व्हायला सहा-सात दिवस घेतात. उंदराने ती गिळली की अळ्या पहिले काही दिवस कोलनच्या भिंतीतल्या बारीक खाचांत शिरून बसतात. नवी अंडी लेंड्यांत दिसायला गिळल्यापासून २३ दिवसांच्या आसपास लागतात.

आता तुमचं वेळापत्रक. आयव्हरमेक्टिन अंड्यांना मारत नाही. शून्याव्या आणि सातव्या दिवशी मोठे कृमी मेले असं धरू. तुसात पडलेलं अंडं नवव्या दिवशी एखाद्या उंदराने गिळलं, तर लेंडीत अंडी येणार बत्तिसाव्या दिवशी. तुम्हाला ती अडतिसाव्या दिवशी दिसली. एकविसाव्या दिवशी तरंगण केलं असतं तरी काही सापडलं नसतं. सात दिवसांच्या अंतराने दोन मात्रा हे वेळापत्रक सायफेशियाला पुरलं, अ‍ॅस्पिक्युल्युरिसला तोकडं पडलं.

दुसरी अडचण पाण्याची. आयव्हरमेक्टिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. बाटलीत ते तळाशी बसतं किंवा वर तवंग धरतं. एक उंदीर नुसतं पाणी पितो, दुसरा एकदम जास्त औषध घेतो. नुकत्या दूध सोडलेल्या पिल्लांत मेंदूचा रक्तअडसर, म्हणजे रक्तातलं औषध मेंदूत जाऊ न देणारा पडदा, पुरता तयार नसतो, त्यामुळे कंप सुटून पिल्लं दगावतात. सीएफ-१सारख्या वाणातल्या काही उंदरांत औषध मेंदूबाहेर ढकलणारं पी-ग्लायकोप्रोटीनच नसतं, तिथे तर हे औषध टाळावंच.

तुमच्यासाठी फेनबेंडाझोल हे दुसरं कृमिनाशक खाद्यातून, १५० पीपीएम, म्हणजे किलो खाद्यात १५० मिग्रॅ शुद्ध औषध. हे मोठे कृमी, अळ्या आणि अंडी तिन्हींवर चालतं. ३० ग्रॅमचा उंदीर दिवसाला साधारण साडेचार ग्रॅम खातो, म्हणजे त्याला २२ मिग्रॅ प्रति किलोच्या आसपास मात्रा रोज मिळते. एक आठवडा औषधी खाद्य, एक आठवडा साधं, अशीही पद्धत आहे. पण १२० पिंजऱ्यांच्या प्राणिगृहात कुठल्या आठवड्यात कुठलं पोतं उघडलं यात हमखास घोळ होतो. सलग आठ आठवडे द्या.

हिशोब असा: ६०० उंदीर गुणिले ५ ग्रॅम म्हणजे रोज ३ किलो, आठ आठवड्यांत १६८ किलो. सांडण्यासाठी दहा टक्के वर धरा, साधारण १८५ किलो. पशुवैद्यकीय पावडर २५ टक्क्यांची असेल तर किलोमागे ६०० मिग्रॅ पावडर, एकूण १११ ग्रॅम. पावडरीवरची टक्केवारी वाचल्याशिवाय वजन करू नका. चौपट चूक इथेच होते.

शक्य असेल तर गोळीखाद्य बनवणाऱ्याकडूनच औषध मिसळून घ्या. स्वतः मिसळायचं तर आधी पावडर १०० ग्रॅम पिठात, ते एक किलोत, ते दहा किलोत, असं टप्प्याटप्प्याने वाढवा. एकदम पोत्यात ओतली तर एका गोळीत सगळं आणि दहा गोळ्यांत काहीच नाही, असं होतं.

गाभण माद्यांना फेनबेंडाझोल चालतं. त्याच गटातलं अल्बेंडाझोल मात्र देऊ नका, गर्भात व्यंग आणतं. दोन्ही खोल्यांत, सगळ्या पिंजऱ्यांना, एकाच दिवशी सुरुवात. प्रयोगातले म्हणून चार पिंजरे वगळले, तर तेच चार पिंजरे दोन महिन्यांनी पुन्हा सगळीकडे कृमी पोचवतील.

तूस_आणि_वाफ

वरच्या दोघांशी सहमत, पण औषधाइतकंच खालच्या तुसाकडे बघा.

तूस सात दिवसांनी बदलता, आणि अ‍ॅस्पिक्युल्युरिसची अंडी सहाव्या-सातव्या दिवशी तयार होतात. म्हणजे बरोबर नको तेवढा वेळ तुम्ही त्यांना देता. बदल पाचव्या दिवशी आणा. अंडी कच्ची असतानाच पिंजऱ्याबाहेर जातील. उपचाराचे आठही आठवडे हे पाळा. सायफेशियाला या युक्तीचा उपयोग नाही, पण तो आत्ता तुमचा प्रश्न नाही.

फिनाइल, ब्लीचिंग पावडर, क्वाटर्नरी अमोनियमची द्रावणं यांवर पिनवर्मच्या अंड्यांच्या बाबतीत भरवसा ठेवू नका. कवच जाड असतं. भरवशाची गोष्ट म्हणजे उष्णता. पॉलिप्रॉपिलीनचे पिंजरे ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंश सोसतात, तेव्हा तूस काढून, आधी खरवडून धुऊन, मग ऑटोक्लेव्ह. कोपऱ्यात मूत्राचा चिवट पांढरा थर असतो तो तसाच राहिला तर त्याखाली वाफ पोचत नाही. हा थर सौम्य आम्लाने, अगदी सायट्रिक आम्लाच्या द्रावणानेही, सुटतो. जाळीची झाकणं आणि पाण्याच्या बाटल्यांच्या नळ्या विसरू नका. कोरडी उष्णता वापरणार असाल तर १०० अंशाला किमान अर्धा तास.

खोलीत झाडू बंद. वाळलेल्या लेंडीचा भुगा उडतो आणि अंडी त्याबरोबर शेजारच्या रॅकवर जातात. ओल्या पोछ्याने पुसा, आणि पिंजरे बदलताना पंखा बंद ठेवा. पुसण्याचं पाणी गरम असेल तर उत्तम.

कोरं तूस कुठे साठवता? गिरणीतून आलेली पोती उघड्या पडवीत असतील तर त्यात घरउंदीर वावरतात, आणि त्यांच्यातही हेच पिनवर्म असतात. बाहेरून कृमी परत येण्याची ही सगळ्यात सोपी वाट. तूस सैल भरलेल्या कापडी पिशव्यांतून ऑटोक्लेव्ह करा. गच्च भरलेल्या पोत्याच्या मधोमध तापमान चढतच नाही. बाहेरची पट्टी रंग बदलते आणि आतलं तूस गारच राहतं. तपासायचं तर निर्देशक पट्टी पिशवीच्या बरोबर मध्ये ठेवा.

प्राणिगृह_देखरेख

सगळ्यांचे आभार. आज अंडी मोजली: ८८ ते ९२ बाय ३९ ते ४२ मायक्रॉन, दोन्ही बाजू सारख्या. म्हणजे अ‍ॅस्पिक्युल्युरिस. तुसाची पोती पडवीतच आहेत, उद्यापासून हलवतो.

दोन शंका. एका पिंजऱ्यात वेगळीच गोल अंडी दिसली, आत बारीक आकडे आहेत. आणि प्रयोग कधी सुरू करता येतील?

दहा_गुणिले_चाळीस

आत सहा आकडे असतील तर ते फीतकृमीचं अंडं. मापावर सगळं अवलंबून आहे. ३० ते ४७ मायक्रॉन, आणि आतल्या आवरणाच्या दोन टोकांतून बारीक दोरे निघालेले दिसले तर हायमेनोलेपिस नाना. ६० ते ८५ मायक्रॉन, पिवळसर, दोरे नाहीत, तर हायमेनोलेपिस डिमिन्युटा.

डिमिन्युटाला मधला यजमान कीटक लागतोच, बहुधा पिठातले तांबडे भुंगेरे. खाद्याची पोती चाळून बघा, भुंगेरे निघाले तर ते खाद्य फेका. नानाला मध्ये कोणी लागत नाही. अंडी थेट एका उंदरातून दुसऱ्यात जातात आणि माणसालाही लागण होते, विशेषतः हातमोजे न घालता पिंजरे बदलणाऱ्याला. पिनवर्मच्या बाबतीत ही काळजी जवळजवळ नाही. मुलांना होणारा पिनवर्म वेगळ्या जातीचा. म्हणून हा एक पिंजरा आजच वेगळा करा, त्याचं काम दिवसाच्या शेवटी करा, आणि हाताळणाऱ्यांना हातमोजे व साबणाने हात धुणं सक्तीचं करा. १५० पीपीएम फेनबेंडाझोलवर फीतकृमीसाठी विसंबू नका. त्याला प्राझिक्वान्टेल, २५ मिग्रॅ प्रति किलो तोंडाने, आणि साधारण दोन आठवड्यांनी पुन्हा, पशुवैद्याच्या देखरेखीखाली.

मात्रा_आणि_मुदत

प्रयोगांबद्दल: औषध चालू असताना दाहविरोधी काम करू नका. फेनबेंडाझोल पेशींतल्या ट्युब्युलिन या प्रथिनाला चिकटून काम करतं, आणि या गटाच्या औषधांचा यकृतातल्या विकरांवरही परिणाम होतो. पण कृमी असलेल्या उंदरांत करणंही तितकंच चूक. कृमींमुळे प्रतिकारशक्ती टीएच२ बाजूला (कृमींविरुद्धच्या, अलर्जीसारख्या प्रतिसादाकडे) झुकते, आणि दाहविरोधी प्रयोगांत मोजल्या जाणाऱ्या पंजाच्या सुजेचे आकडे नेमके तिथेच हलतात. तेव्हा प्रयोग पुढे ढकला.

औषधी खाद्य संपल्यावर चार आठवडे थांबून पहिली तपासणी, मग महिन्याच्या अंतराने आणखी दोन. नमुना लहान घेऊ नका. ३० टक्के उंदीर बाधित असतील तर ९ उंदीर तपासून ९५ टक्के खात्रीने एक तरी सापडतो. उपचारानंतर प्रमाण १० टक्क्यांवर आलं असेल तर त्याच खात्रीसाठी २९ लागतात. सगळे मारायची गरज नाही, दुसऱ्या प्रयोगात ज्यांचा शेवट ठरलेला आहे त्यांचं सीकम आणि कोलन मागून घ्या. आतडं लांबीने चिरून कोमट सलाइनच्या पेट्री डिशमध्ये काळ्या कागदावर १५ मिनिटं ठेवलं की कृमी वळवळत बाहेर येतात, नुसत्या डोळ्यांना दिसतात. थंड सलाइनमध्ये ते निपचित पडून राहतात आणि नजरेतून सुटतात.

पहारेकरी उंदीर ठेवणार असाल, म्हणजे चार आठवड्यांची स्वच्छ पिल्लं इतरांच्या वापरलेल्या तुसावर, तर एक गोष्ट सांभाळा. औषधी खाद्य खाणाऱ्या उंदरांच्या लेंड्यांतूनही फेनबेंडाझोल बाहेर पडतं. ते तूस दिलंत तर पहारेकऱ्यालाच औषध मिळतं आणि तो स्वच्छ दिसतो. औषध बंद झाल्यावर सगळ्या पिंजऱ्यांचं तूस दोनदा बदलू द्या, तिसऱ्या बदलाचं वापरलेलं तूस पहारेकऱ्यांकडे न्या.

तूस_आणि_वाफ

एक राहिलं. शेजारच्या खोलीत विस्टार रॅट (आकाराने मोठी, वेगळी जात) असतील तर त्यांचीही टेप आणि तरंगण दोन्ही करा. त्यांच्यातला सायफेशिया म्युरिस वेगळा, अंडं लहान, साधारण ७५ बाय ३० मायक्रॉन. पिंजरे धुण्याची जागा दोन्हींची एकच असेल तर उंदरांचे पिंजरे आधी, रॅटचे नंतर, आणि मधे हौद उकळत्या पाण्याने धुऊन.