मिठाचं पाणी आणि स्टीलचं ताट नको

यंत्रमागाच्या बिडाच्या गिअरवरचा गंज पाण्यात वीज सोडून काढायला कुणीतरी मिठाचं पाणी आणि चार्जरच्या धन टोकाला स्टीलचं ताट सुचवलंय. कृपया दोन्ही करू नका. मिठामुळे धन टोकाला क्लोरिन वायू सुटतो. स्टेनलेस स्टीलमधलं क्रोमियम विरघळून पाणी पिवळं होतं आणि ते विषारी असतं, गटारात ओतायचंही नाही.

प्लास्टिकच्या बादलीत लिटरला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा (खाण्याचा नव्हे) घ्या. सोलापुरात बोअरचं पाणी जड असेल तर सोडा टाकताच पांढरं गढूळ होईल. तो चुना खाली बसतो, चालतं. गिअर ऋण टोकाला, साध्या लोखंडी पट्ट्या धन टोकाला. टोकं उलटी लागली तर गिअरच झिजेल, म्हणून दोनदा बघा. पट्ट्या चारही बाजूंनी लावा, कारण समोर पट्टी नसलेल्या भागाचा गंज तसाच राहतो. १२ व्होल्टचा चार्जर, ४ अँपिअर पुरे. गिअरवर बारीक बुडबुडे दिसले की काम सुरू झालं.

ते बुडबुडे हायड्रोजनचे. ४ अँपिअरला तासाला जवळपास २ लिटर! बंद खोलीत नको, आणि चिमटे काढण्याआधी चार्जर बंद करा, नाहीतर ठिणगी उडून हा वायू पेटू शकतो.

कडक स्प्रिंग यात घालू नका, हायड्रोजन शिरून ती ठिसूळ होते. ॲल्युमिनियम तर सोड्यातच खाल्लं जातं.

बाहेर काढल्यावर काळा थर ब्रशने घासा, लगेच वाळवून तेल लावा. उशीर केलात तर तासाभरात पुन्हा तांबूस होतो.