प्रतिसाद: रोल उशिरा का लागतो?

निपाणीकर, तुम्ही म्हणता की सेकिरो या व्हिडिओ गेममध्ये डिफ्लेक्ट (वार नेमक्या क्षणी परतवणं) बरोबर लागतो पण एल्डन रिंग या गेममध्ये रोल (वार चुकवायची कोलांटी) उशिरा, म्हणजे कंट्रोलर खराब; हे मला पटत नाही. नव्या कंट्रोलरसाठी खडेबाजार गाठण्याआधी थांबा. एल्डन रिंगमध्ये रोल आणि धावणं एकाच बटणावर आहे, म्हणून रोल बटण सोडल्यावर लागतो. सेकिरोत गार्ड (वार अडवायचं बटण, डिफ्लेक्टही त्यानेच होतो) दाबताक्षणी लागतो. ६० एफपीएसला (सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे चित्रं) एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची, बटण १०० मिलिसेकंद दाबून धरलं की सहा फ्रेम गेल्याच. टिचकी मारल्यासारखं दाबा-सोडा.

एल्डन रिंगमध्ये अंगावरच्या शस्त्र-चिलखतांचं वजन मर्यादेच्या ७० टक्क्यांच्या आत ठेवा, नाहीतर रोल जडच. टीव्हीवर खेळत असाल तर गेम मोड (टीव्हीचा उशीर कमी करणारी सेटिंग) चालू करा.

आणि सेकिरोत गार्ड बडवू नका हो, त्याने डिफ्लेक्टची वेळ आकसते!