आमंत्रण नाकारायचं आहे, पण संबंध बिघडवायचे नाहीत. नेमकं काय लिहावं?

प्रश्न (कुंपणावरचा)
ऑफिसातल्या सहकाऱ्याने घरच्या समारंभाला बोलावलंय, तीन आठवडे आहेत अजून. जायचं नाही हे नक्की. त्या दिवशी दुसरं काही काम नाही, फक्त गर्दीचे कार्यक्रम झेपत नाहीत. थाप मारायची नाही. कारण द्यावंच लागतं का? फोन बरा की मेसेज? आणि लगेच कळवलं तर तुटक वाटेल का?

सरळरेघ
लगेच म्हणजे एक-दोन दिवसांत कळवा. तुटकपणा शब्दांत असतो, वेळेत नसतो. उलट शेवटच्या आठवड्यात आलेला नकार यजमानाला महागात पडतो, कारण तोवर माणसांचा आकडा पुढे कळवलेला असतो.

आमंत्रण ज्या वाटेने आलं त्याच वाटेने उत्तर द्या: मेसेजला मेसेज, फोनला फोन. फक्त ग्रुपवर बोलावणं आलं असेल तर नकार खाजगीत कळवा. ग्रुपवर एकाने 'नाही' म्हटलं की मागोमाग आणखी तिघे गळतात.

मजकूर एवढाच पुरे:

"आठवणीने बोलावलंत, खूप बरं वाटलं. मला मात्र त्या दिवशी यायला जमणार नाही. कार्यक्रम छान पार पडू दे, मनापासून शुभेच्छा."

मधलं वाक्य अजिबात मऊ करू नका. 'जमेलसं वाटत नाही', 'बघतो', 'प्रयत्न करतो' यांचा अर्थ समोरचा 'येणार' असाच लावतो. मग तुमची जागा धरली जाते आणि आदल्या दिवशी पुन्हा विचारणा होते.

अर्धविराम
कारणाबद्दल. द्यायलाच हवं असं नाही. दिलंत तर एकच द्या. तीन कारणं एकत्र आली की तिन्ही सबबी वाटतात. आणि यजमानाला सोडवता येईल असं कारण तर नकोच. 'यायला गाडी नाही' म्हणालात की 'आम्ही न्यायला येतो' हे ठरलेलंच. 'उशीर होईल' म्हटलं की 'उशिरा या, पण या'. थाप मारायची नाही हे उत्तमच, कारण 'बाहेरगावी आहे' म्हणून सांगितलेल्या दिवसाचा फोटो कुणीतरी कुठेतरी टाकतंच. तुमचं खरं कारण जवळच्या माणसाला सांगता येईल: "मोठ्या गर्दीत मला त्रास होतो, म्हणून येत नाही." नुसती ओळख असेल तर 'जमणार नाही' वर थांबा.

सरळरेघ
एक भर. 'नंतर भेटू कधीतरी' हे शेपूट जोडायचं तर वार ठरवून जोडा, नाहीतर गाळा. नुसतं 'कधीतरी' म्हणजे दुसरा नकारच.

कुंपणावरचा
मजकूर उचलला. पण हा माणूस समोर येऊन 'अरे, असं कसं, यायलाच पाहिजे' म्हणणार. तेव्हा?

अर्धविराम
तेच वाक्य, त्याच सुरात, पुन्हा: "खरंच नाही जमणार, पण तू बोलावलंस हे आवडलं." आणि गप्प बसा. घात होतो तो इथेच. शांतता सहन न होऊन माणूस नवीन कारण जोडतो आणि त्यावर घासाघीस सुरू होते. तिसऱ्यांदा आग्रह झाला तर विषय त्याच्याकडे वळवा: तयारी कुठवर आली, कोण कोण येतंय. बहुतेकांना 'तुला आमच्या कार्यक्रमात रस आहे' एवढंच ऐकायचं असतं.

दुसरी पाळी
वरचं सगळं पहिल्यांदाच नकार देणाऱ्यांसाठी झालं. आधी 'येतो' म्हणून नंतर रद्द करायचं असेल तर मेसेज चालत नाही, फोनच करा. माफी एकदा, कारण खरं, आणि तुमच्या नावावर धरलेल्या जागांची संख्या स्पष्ट सांगा ("आम्ही दोघंही नाही"). 'माझ्याऐवजी भाऊ येईल' असं परस्पर ठरवू नका, आमंत्रण तुम्हाला होतं. ऑफिसच्या बैठकीचं कॅलेंडरवरचं आमंत्रण असेल तर 'कदाचित' वर ठेवून विसरू नका. नाकारा आणि तिथेच एक ओळ लिहा: 'येत नाही, माझा मुद्दा आज संध्याकाळपर्यंत ईमेलने पाठवतो.'