यूकेत बायकोचं भारतीय लायसन्स आणि गाडीचा विमा: हप्ता परवडेल असा मार्ग आहे का?

पाणंद

नमस्कार मंडळी. आम्ही लेस्टरला असतो. माझ्याकडे इथलं फुल लायसन्स आहे, टेस्ट 2024 मध्ये पास झालो. बायको मार्चअखेरीस डिपेंडंट व्हिसावर आली. तिचं भारतातलं लायसन्स 2014 पासूनचं. तिकडे ती रोज गाडी चालवायची, हायवेवर, पावसात, रात्री. माझ्यापेक्षा तिचा हात कितीतरी सफाईदार आहे. तिला फिजिओथेरपिस्टची नोकरी मिळाली आहे, पण काम पेशंटच्या घरी जाऊन करायचं. म्हणजे गाडीवाचून नोकरी नाही.

गाडी 2016 ची, 1.2 लिटर पेट्रोल, मॅन्युअल. माझ्या एकट्याचा हप्ता वर्षाला 690 पौंड होता, तो आता रिन्यूअलला आलाय. तिलाच मुख्य ड्रायव्हर दाखवून तुलनेच्या साइटवर पाहिलं तर सगळ्यात स्वस्त कोट 1,740 चा. बऱ्याच कंपन्यांनी तर कोटच दिला नाही. इतक्या वर्षांचा अनुभव इथे शून्य धरतात का?

ऑफिसात एकाने सुचवलं की मुख्य ड्रायव्हर म्हणून स्वतःलाच ठेव आणि तिला नेम्ड ड्रायव्हर, म्हणजे पॉलिसीतली जादा ड्रायव्हर, म्हणून घाल. तसं भरून पाहिलं तर 1,120 होतात. "सगळे असंच करतात" म्हणाला. बायकोला हे अजिबात पटलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही धाकधूक आहे. शिवाय इंटरनॅशनल परमिट काढून आणलं तर हप्ता उतरेल का? बाई ड्रायव्हर असेल तर सवलत असते असंही ऐकलंय.

उंबरठा

शेवटच्या दोन प्रश्नांपुरतं सांगतो. इंटरनॅशनल परमिट म्हणजे तुमच्या लायसन्सचं भाषांतर. भारतीय कार्डावर इंग्रजी असतंच, त्यामुळे इथे राहायला आलेल्या माणसाला त्याचा फायदा नाही. मुदत वाढत नाही आणि हप्ताही कमी होत नाही. बाई की पुरुष यावरून हप्ता ठरवणं 21 डिसेंबर 2012 पासून बंद आहे. ती सवलत आता कुणालाच मिळत नाही.

शेवंती

पाणंद, वहिनींना पटत नाहीये तेच बरोबर आहे. मी 2019 मध्ये अशीच डिपेंडंट व्हिसावर लीड्सला आले. हातात चांगलं लायसन्स असून बसच्या वेळापत्रकावर दिवस काढणं काय असतं ते मला ठाऊक आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

विम्याच्या आधी लायसन्सचं बघा, कारण पुढचे हप्ते त्यावरच ठरणार आहेत. भारतीय लायसन्सवर इथे राहायला आल्यापासून 12 महिने गाडी चालवता येते. वहिनींचे मार्चअखेरीपासून सुरू झाले. ऑस्ट्रेलिया, जपान, सिंगापूर अशा काही देशांचं लायसन्स इथे बदलून मिळतं. भारत त्या यादीत नाही, त्यामुळे थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्ही द्यावंच लागतं. आजच डीव्हीएलएकडे, म्हणजे इथल्या लायसन्स देणाऱ्या सरकारी खात्याकडे, प्रोव्हिजनलचा (शिकाऊ लायसन्सचा) ऑनलाइन अर्ज करा, फी 34 पौंड. बरेच जण यालाच बिचकतात. त्यांना वाटतं प्रोव्हिजनल घेतलं की लगेच एल प्लेट आणि शेजारी माणूस लागणार. तसं नाही. हे 12 महिने चालू असताना प्रोव्हिजनल हातात आलं तरी भारतीय लायसन्सवर एकटीने चालवायचा हक्क तसाच राहतो.

थिअरीला 23 पौंड. 50 पैकी 43 प्रश्न बरोबर यावे लागतात आणि व्हिडिओतल्या धोका ओळखण्याच्या भागात 75 पैकी 44 गुण. तिकडे वर्षानुवर्षं गाडी चालवलेल्यांनी हा दुसरा भाग मनावर घ्यावा, कारण धोका दिसतो पण क्लिक कधी करायचं याचा सराव लागतो. थिअरी पास झाली की त्याच दिवशी प्रॅक्टिकल बुक करा. आठवड्यातल्या दिवशी 62 पौंड, संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी 75. तारखा महिनोन्‌महिने पुढच्या मिळतात, म्हणून आता दिरंगाई नको.

आणि घाई का, तर तुमच्या घरात एक अडचण आहे जी तुमच्या लक्षात आली नसावी. 12 महिने संपले आणि टेस्ट झालेली नसली, तर वहिनी कायद्याने शिकाऊ ठरतात. शिकाऊ ड्रायव्हरच्या शेजारी बसणाऱ्याचं वय 21 च्या पुढे हवं आणि त्याच्याकडे फुल लायसन्स तीन वर्षं असायला हवं. तुमचं 2024 चं आहे. त्याआधीची भारतातली वर्षं त्यात धरत नाहीत. म्हणजे 2027 पर्यंत तुम्हालाही शेजारी बसता येणार नाही, आणि नोकरीसाठी एकटीने जाणं तर बंदच. 12 महिन्यांच्या आत टेस्ट पास होणं हाच सगळ्यात मोठा बचतीचा मार्ग आहे. माझं इथलं फुल लायसन्स झाल्यावर पुढच्या रिन्यूअलला हप्ता जवळपास निम्म्यावर आला.

आता अनुभवाचं. काही कंपन्या परदेशातली वर्षं खरोखर शून्य धरतात. काही थोडीफार धरतात, पण तुलनेच्या साइटवर ते नेहमी कळत नाही. म्हणून फोन करा. ब्रिटिश इन्शुरन्स ब्रोकर्स असोसिएशनकडे परदेशी लायसन्सवाल्यांचं काम करणारा ब्रोकर शोधून मिळतो. भारतातल्या विमा कंपनीकडून वहिनींच्या नावाचं नो क्लेम बोनसचं इंग्रजी पत्र मागवून ठेवा. पुष्कळ ठिकाणी ते नाकारतात, पण मान्य करणारी एखादी निघाली तर चांगला फरक पडतो. फॉर्ममध्ये लायसन्सचा प्रकार "फुल इंटरनॅशनल" निवडा. प्रोव्हिजनल हातात आलं की तेही फोनवर सांगून नोंदवून घ्या, नाहीतर त्यांची सिस्टीम शिकाऊ धरून भलताच आकडा काढते.

ब्लॅक बॉक्सचा, म्हणजे विमा कंपनीसाठी गाडीत बसवायच्या नोंदणी यंत्राचा, विचार जरूर करा. वेग, ब्रेक, वळणं, कुठल्या वेळी गाडी काढली, हे सगळं त्यात नोंदलं जातं. काहींना ते पाळत ठेवल्यासारखं वाटतं. मला ते न्याय्य वाटलं, कारण माझ्या हातात काय आहे ते सिद्ध करायची तीच एक सोय होती. कोट काढताना थर्ड पार्टी स्वस्तच असणार असं गृहीत धरू नका, कॉम्प्रिहेन्सिव्हही बघा, कैक वेळा तेच कमी भरतं. शक्य असेल तर वर्षाचे पैसे एकरकमी भरा, मासिक हप्त्यांवर व्याज लागतं. पॉलिसी सुरू व्हायच्या तीनेक आठवडे आधी कोट काढलेला बरा. ऐनवेळी महाग पडतं.

दर्यावर्दी

मी इथे मोटर क्लेम्समध्ये काम करतो, म्हणून त्या 1,120 बद्दल लिहायला हवं. रोज गाडी एक चालवणार आणि मुख्य ड्रायव्हर म्हणून दुसऱ्याचं नाव, याला फ्रंटिंग म्हणतात आणि ती फसवणूक धरली जाते. क्लेम आला की पहिली चौकशी हीच होते: गाडी कुठे होती, कोण कामावर जात होतं. जाणूनबुजून खोटी माहिती दिली असेल तर 2012 च्या कायद्याप्रमाणे कंपनी पॉलिसी मुळातूनच रद्द करू शकते आणि भरलेला हप्ताही ठेवू शकते. समोरच्या जखमी माणसाला कंपनी पैसे देते, मग ते तुमच्याकडून वसूल करायला येते. आणि पुढे प्रत्येक कंपनी विचारते, कधी पॉलिसी रद्द झाली होती का?

विनाविमा गाडी चालवताना सापडलं तर दंड 300 पौंड आणि लायसन्सवर 6 पॉइंट. इथली टेस्ट पास झाल्यापासून दोन वर्षांच्या आत 6 पॉइंट झाले तर लायसन्सच जातं आणि दोन्ही परीक्षा पुन्हा द्याव्या लागतात.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची, कारण प्रामाणिक माणसंही इथे अडकतात. पेशंटच्या घरोघरी जाणं म्हणजे कम्युटिंग नाही. कम्युटिंगमध्ये ठरलेल्या एका कामाच्या जागी जाणं-येणं येतं. वहिनींना बिझनेस यूज, म्हणजे कामानिमित्त फिरण्याचं कव्हर, लागेल. आणि काही पॉलिसींत बिझनेस यूज फक्त पॉलिसीधारकाला असतो, नेम्ड ड्रायव्हरला नसतो. "पेशंटच्या घरी जाते, दिवसाला अनेक पत्ते" असं स्पष्ट सांगा आणि सर्टिफिकेटवर तिच्या नावापुढे ते आलंय का ते बघून घ्या.

पाणंद

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन वर्षांचा नियम खरंच माहीत नव्हता. काल रात्रीच तिने प्रोव्हिजनलचा अर्ज भरला. एका ब्रोकरशी बोललो: ती पॉलिसीधारक आणि मुख्य ड्रायव्हर, मी नेम्ड ड्रायव्हर, तिला बिझनेस यूज, ब्लॅक बॉक्स. 1,460 पौंड सांगितले. भारतातलं नो क्लेमचं पत्र आलं तर पुन्हा बघू म्हणाला. हा आकडा जड आहे, पण तिच्या पगारातून झेपेल. आता वर्षाच्या मध्येच ती टेस्ट पास झाली तर कळवायचं की रिन्यूअलपर्यंत थांबायचं? आणि पॉलिसी माझ्या नावावर घेतली असती तर काही स्वस्त पडलं असतं का?

शेवंती

तिच्याच नावावर घ्या. नेम्ड ड्रायव्हरला सहसा स्वतःचा नो क्लेम बोनस साठत नाही, पॉलिसीधारकाला साठतो. आज थोडं जास्त गेलं तरी वर्षभरात तिच्या नावाने एक वर्ष जमा होईल आणि तिथून पुढे उतार आहे. तुमचं साठलेलं नो क्लेम कंपनीकडून लेखी घेऊन ठेवा. साधारण दोन वर्षं ते वापरलं नाही तर कंपन्या धरत नाहीत. दुसरी गाडी घ्यायचा विचार असेल तर ही मुदत ध्यानात असू द्या.

टेस्ट पास झाली की त्याच दिवशी फोन करा. लायसन्सचा प्रकार बदलला की सांगणं बंधनकारक आहे, आणि वहिनींच्या बाबतीत बदल फायद्याचाच असण्याची शक्यता जास्त. कागदपत्र बदलण्याची फी किती ते आधी विचारून ठेवा, तीच जास्त निघाली तर थोडी घासाघीस करा.

टेस्ट मॅन्युअल गाडीवरच द्यायला सांगा. ऑटोमॅटिकवर दिली तर फक्त ऑटोमॅटिकचं लायसन्स मिळतं आणि तुमची ही गाडी घरात नुसती उभी राहील. स्वतःच्या गाडीने टेस्ट देणार असाल तर पॉलिसीत टेस्ट धरलेली आहे का ते कंपनीकडून लेखी घ्या, आणि गाडीला एल प्लेट व परीक्षकासाठी आत जादा आरसा लावा. तो आरसा नसला तर टेस्ट होत नाही आणि फीही बुडते.