अडीच वर्षांच्या मुलीच्या दातांवर पांढरे पट्टे: मदत हवी आहे

नमस्कार. आम्ही देवगडजवळच्या एका वाडीत राहतो. गेल्या आठवड्यात माझ्या अडीच वर्षांच्या मुलीचा वरचा ओठ उचलून दात घासताना पुढच्या दोन दातांवर, हिरडीच्या अगदी कडेला, खडूने ओढल्यासारखे पांढरे पट्टे दिसले. ही किडीची पहिली खूण असून या टप्प्यावर ती थांबवता येते, असे दंतवैद्यांनी सांगितले. मात्र एका दातावरचा पट्टा तपकिरी होऊ लागला आहे, त्याची फार काळजी वाटते.

रात्री बाटलीतून साखर घातलेले दूध पीत झोपण्याची सवय आम्हीच तिला लावली. झोपेत लाळ कमी सुटते आणि ते दूध तासन्‌तास दातांना लागून राहते, हे तेव्हा ठाऊक नव्हते. साखर बंद केली, पण बाटली सुटत नाही. ती सोडवताना तुम्ही नेमके काय केलेत?

सासूबाई तिला दिवसभर प्रेमाने आंबापोळी, फणसपोळीचे तुकडे देतात आणि ‘दुधाचेच दात, पडायचेच आहेत’ म्हणतात. दुधाच्या दाढा 10 ते 12 वर्षांपर्यंत टिकाव्या लागतात, हे त्यांना न दुखावता कसे सांगावे?

1000 पीपीएम (दर दहा लाख भागांत 1000 भाग) फ्लोराइडची पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी घेऊन मी दोन वेळा दात घासते. कणकवली किंवा रत्नागिरीत मुलांना फ्लोराइड वार्निश (दंतवैद्य दातांवर लावतात तो कीड रोखणारा लेप) लावून घेतले असल्यास अनुभव अवश्य कळवावा.